विषय आहे, संशय नाही : विद्यापीठाचं ग्रंथालय आणि संशोधनाची पहिली पायरी



आजचा विषय ऐकून काहींना वाटेल, यात इतिहास कुठे आला? विद्यापीठाचं ग्रंथालय कसं वापरावं, हे तर ग्रंथपालांनी पहिल्या आठवड्यात अर्ध्या तासात सांगून टाकायचं. ओळखपत्र दाखवा, पिशवी बाहेर ठेवा, संगणकावर पुस्तकाचं नाव टाका, क्रमांक लिहून घ्या, कपाटाकडे जा. झालं. पण कपाटापर्यंत पोचणं वेगळं आणि संशोधनापर्यंत पोचणं वेगळं. हे अंतर आपल्याकडच्या दोन तरुणांनी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कसं कापलं, ते आज आपण पाहू. एक श्रीधर व्यंकटेश केतकर, पुढचे ज्ञानकोशकार. दुसरे भीमराव रामजी आंबेडकर. दोघेही अमेरिकेतल्या विद्यापीठांत शिकले, दोघांनीही विद्यार्थी असताना जात या विषयावर लिहिलं, आणि ते लिखाण पहिल्यांदा इतरांसमोर आलं तेव्हा दोघांचंही वय पंचवीस होतं.

हे आजच का सांगायचं? नव्या शैक्षणिक धोरणात पदवीचं चौथं वर्ष संशोधनासाठी ठेवता येतं. म्हणजे वीस-एकवीस वर्षांची मुलं-मुली आता 'संशोधन प्रकल्प' करणार. त्यांना विचारलं, विषय काय? तर उत्तर येतं, 'जातिव्यवस्था', 'स्त्रीमुक्ती', 'शेतकरी आत्महत्या'. विषय मोठे आहेत, कळकळही खरी आहे. पण आपल्या शास्त्रपरंपरेत विचाराच्या पायऱ्या सांगितल्या आहेत : आधी विषय, मग संशय, मग पूर्वपक्ष, आणि शेवटी सिद्धान्त. या मुलांकडे विषय असतो, संशय नसतो. आणि दुसरी पायरी गाळून ती थेट चौथीवर उडी मारू पाहतात. आमचं आजचं म्हणणं एवढंच आहे की ग्रंथालय ही उत्तर मिळण्याची जागा नव्हे. ती विषयातून संशय निर्माण होण्याची जागा आहे.

आता थोडं मागे जाऊ. विद्यापीठाचं ग्रंथालय हे सुरुवातीला विद्यार्थ्यासाठी नव्हतंच. युरोपात कितीतरी ठिकाणी ग्रंथ कपाटाला साखळीने बांधलेले असत. ऑक्सफर्डचं बॉडलियन ग्रंथालय १६०२ साली उघडलं. तिथून पुस्तक बाहेर न्यायचं नाही, असा नियम. १६४५ साली खुद्द राजा पहिल्या चार्ल्सने एक पुस्तक मागवलं, तर ग्रंथपालाने नियम दाखवून नकार दिला, आणि राजाने तो मानला. गोष्ट मोठी छान आहे. पण त्यातून हेही कळतं की ग्रंथपालाचं पहिलं काम तेव्हा राखणदाराचं होतं.

आपल्याकडे मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं ते परीक्षा घेणारी संस्था म्हणून. शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घेऊन पदवी द्यायची. १८६४ साली प्रेमचंद रायचंद यांनी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, आणि आईच्या नावाने मनोरा बांधायला आणखी दोन लाख. तोच राजाबाई टॉवर. गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्याप्रमाणे तो १८७८ साली पुरा झाला. इमारत देखणी, रंगीत काचा, उंच छत. पण परीक्षेपुरतं शिक्षण असेल तर विद्यार्थ्याला नेमलेली चार पुस्तकं पुरतात. हजारो पुस्तकांची गरज कुणाला लागते? ज्याला स्वतःचा प्रश्न पडलाय त्याला. असे प्रश्न पाडणारं शिक्षण मुंबई विद्यापीठात उशिरा आलं. समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडिस यांच्या हाताखाली १९१९ साली सुरू झाला. आपले दोन विद्यार्थी त्याच्या आधीच बाहेर गेले होते.

प्रश्न पाडणारं हे शिक्षण घडलं प्रामुख्याने जर्मनीत. तिथे 'सेमिनार' नावाची पद्धत रुजली. लॅटिनमधल्या मूळ शब्दाचा अर्थ आहे रोपवाटिका. दहा-बारा विद्यार्थी, एक अध्यापक, मधे टेबल, आणि टेबलाभोवती पुस्तकं. एकाने निबंध वाचायचा, बाकीच्यांनी त्याचे पुरावे तपासायचे. अध्यापक व्यासपीठावर नसतो, टेबलाच्या एका बाजूला असतो. या पद्धतीला ग्रंथालय शेजारीच लागतं, कारण कुणी म्हणालं 'अमुक ग्रंथात असं आहे', तर लगेच उठून तो ग्रंथ काढून बघायचा असतो. अमेरिकन मंडळी जर्मनीत शिकून आली आणि ही रोपं त्यांनी आपल्याकडे लावली. कॉर्नेल विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष अँड्र्यू व्हाइट हे त्यांपैकीच. १८९१ साली कॉर्नेलची नवी ग्रंथालय-इमारत उघडली तेव्हा त्यांनी स्वतःचा सुमारे तीस हजार ग्रंथांचा संग्रह विद्यापीठाला देऊन टाकला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात १८९७ साली लो ग्रंथालय उघडलं. मोठ्या घुमटाखाली वाचनकक्ष, आणि वाचनकक्ष विद्यापीठाच्या आवाराच्या अगदी मध्यावर. आपल्या गावाच्या मधोमध देऊळ असतं, तसं.

केतकर १९०६ साली कॉर्नेलला गेले. १९०९ साली त्यांचं 'हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया' हे इंग्रजी पुस्तक तिथूनच प्रसिद्ध झालं, १९११ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली. या पुस्तकाचं नाव ऐकून वाटेल, जातीचा साद्यंत इतिहास असणार. पण उपशीर्षक बघा. ते सांगतं की हा अभ्यास मनुस्मृतीच्या पुराव्याचा आहे, आणि तो इसवीसनाच्या तिसऱ्या शतकातल्या समाजस्थितीपुरता आहे. एक ग्रंथ, एक शतक. केवढ्या विषयाला त्यांनी केवढंसं कुंपण घातलं! शीर्षकात हत्ती आहे आणि उपशीर्षकात हत्तीचा एक पाय. पण तो पाय त्यांनी नीट मोजला. आधी मनुस्मृतीचा काळ ठरवायचा, मग त्या काळाबद्दल तो ग्रंथ काय सांगतो आणि काय सांगू शकत नाही, हे वेगळं करायचं. नवख्या संशोधकाने ग्रंथालयात पहिल्या महिन्यात करायचं काम हेच. विषय वाढवायचा नाही, घासून लहान करायचा. पुस्तकांच्या रांगा पाहिल्यावर मनुष्य दोनपैकी एक करतो : घाबरतो किंवा कुंपण घालतो.

आता बाबासाहेबांकडे वळू. बडोद्याचे सयाजीराव महाराज अमेरिकेत जाऊन तिथली ग्रंथालयं पाहून आले होते. १९१० साली त्यांनी बॉर्डन नावाचे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला आणले आणि राज्यभर सार्वजनिक ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. त्याच महाराजांनी १९१३ साली आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन कोलंबियाला पाठवलं. या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या प्रकरणांत वाचतो. आम्हाला त्या एकाच विचाराच्या दोन बाजू वाटतात. एका हाताने पुस्तकं माणसांपर्यंत आणायची, दुसऱ्या हाताने माणूस पुस्तकांपर्यंत पाठवायचा.

कोलंबियात बाबासाहेबांनी घेतलेल्या अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मन भाषांचा एकेक. मुख्य विषय अर्थशास्त्र. पण ज्या निबंधाबद्दल आपण बोलणार आहोत तो अर्थशास्त्राचा नाही. ९ मे १९१६ रोजी डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारात त्यांनी 'कास्ट्स इन इंडिया' हा निबंध वाचला. विद्यार्थ्याने वर्गात वाचलेला निबंध, एवढंच त्याचं त्या दिवशीचं स्वरूप. महाराष्ट्र शासनाने १९७९ साली काढलेल्या इंग्रजी लेखन-भाषणांच्या पहिल्या खंडात तो आहे. थोडक्या पानांचा आहे. आमची विनंती आहे की संशोधनपद्धतीचं कुठलंही जाडजूड पुस्तक उघडण्याआधी तो वाचा, आणि यावेळी 'काय म्हटलंय' यापेक्षा 'कसं बांधलंय' हे बघत वाचा.

सुरुवातीलाच ते सांगून टाकतात की जातीचा प्रश्न अफाट आहे, आणि आपण फक्त तिची यंत्रणा, तिचा उगम आणि तिचा प्रसार एवढ्यापुरतंच बोलणार. म्हणजे कुंपण. त्यानंतर ते स्वतःचं मत मांडत नाहीत. आधी चार माणसांना बोलावतात आणि प्रत्येकाची जातीची व्याख्या समोर ठेवतात. ही चार माणसं कोण? पहिले एमिल सेनार, अशोकाच्या शिलालेखांवर काम केलेले फ्रेंच पंडित. दुसरे नेसफिल्ड, वायव्य प्रांत आणि अवध इथल्या शिक्षणखात्यातले अधिकारी. तेच हे, ज्यांचं इंग्रजी व्याकरण आमच्या वडिलांच्या पिढीने घोकलं. तिसरे सर हर्बर्ट रिस्ले, १९०१च्या जनगणनेचे आयुक्त. आणि चौथे आपले डॉ. केतकर.

इथे जरा थांबा. ही चार पुस्तकं ग्रंथालयात एका फळीवर सापडतात का? सेनार धर्म आणि प्राच्यविद्या यांच्या कपाटात असतील. नेसफिल्ड एखाद्या प्रांताच्या सरकारी प्रकाशनांत. रिस्ले जनगणना आणि वंशशास्त्राकडे, केतकर समाजाच्या इतिहासात. आजच्या ड्यूई पद्धतीतसुद्धा हिंदू धर्म २९४.५ मध्ये, सामाजिक गट ३०५ मध्ये आणि भारताचा इतिहास ९५४ मध्ये आहे. एकाच क्रमांकाच्या फळीपुढे उभं राहून जात हा विषय पुरा होत नाही. पुस्तकाला एकच जागा मिळते, प्रश्न मात्र सगळ्या मजल्यांवर पसरलेला असतो. म्हणून नवख्या विद्यार्थ्याला आमचं सांगणं असं, की एक पुस्तक मिळालं की त्याच्या डाव्या-उजव्या बाजूची पाच-पाच पुस्तकं चाळा. त्याच्या शेवटी दिलेली संदर्भसूची बघा. आणि मग स्वतःला विचारा, माझ्याच प्रश्नावर दुसऱ्या मजल्यावर कोण बोलत असेल?

चौघांना बोलावून बाबासाहेब करतात काय? नुसता सारांश देत नाहीत. आज शोधनिबंधांत 'पूर्वसंशोधनाचा आढावा' नावाचं एक प्रकरण असतं. त्यात बहुतेक वेळा 'अमुक यांनी असं म्हटलं आहे, तमुक यांनी तसं म्हटलं आहे' अशी माळ असते. माळेतला एक मणी काढला तरी काही बिघडत नाही. इथे तसं नाही. सेनार विटाळाच्या कल्पनेला महत्त्व देतात. बाबासाहेब म्हणतात, ती जातीला धर्माचा रंग चढल्यामुळे आली, जातीचा गाभा ती नव्हे. नेसफिल्ड म्हणतात, बाहेरच्यांशी रोटीव्यवहार नसणं हे जातीचं लक्षण. बाबासाहेबांचं उत्तर, हा परिणाम आहे, तुम्ही त्याला कारण समजलात. रिस्ले यांच्याकडे वेगळा मुद्दा नाही, म्हणून त्यांच्यावर वेळ घालवत नाहीत. हेही शिकण्यासारखं आहे. मोठं नाव आहे म्हणून मोठा परिच्छेद द्यायला हवा असं नाही.

आणि केतकर? त्यांच्या चिकित्सक दृष्टीचं आणि मोकळ्या मनाचं ते आधी कौतुक करतात. केतकरांनी जातीची दोन लक्षणं दिली होती : जातीत जन्मलेलाच तिचा सभासद होऊ शकतो, आणि जातीबाहेर लग्नाला बंदी असते. बाबासाहेब दाखवतात की ही दोन लक्षणं नाहीतच, एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत. बाहेर लग्न करायचं नाही म्हटलं की सभासदत्व आपोआप जन्मापुरतं उरतं. मग मूळ गोष्ट एकच, जातीअंतर्गत विवाह. झालं. इथे संशय जन्माला आला. जर हेच मूळ असेल, तर एका बंद गटात स्त्री-पुरुषांची संख्या कायम जुळती कशी राहते? नवरा आधी गेला तर मागे राहिलेल्या स्त्रीचं काय करायचं, बायको आधी गेली तर पुरुषाचं काय? सती, सक्तीचं वैधव्य, बालविवाह या रूढींची वर्णनं शेकडो पुस्तकांत होती. बाबासाहेबांनी त्या तिन्ही रूढी या एका प्रश्नाला जोडल्या : गट बंद ठेवण्याची ही साधनं आहेत. माहिती नवी नव्हती. तिला विचारलेला प्रश्न नवा होता.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. न्यायशास्त्रात व्याख्येचे तीन दोष सांगतात : अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव. विद्यार्थी ते पाठ करतात आणि परीक्षेत लिहितात. पण व्याख्या तपासणं हे संशोधनाचं हत्यार आहे, हे इतक्या लख्खपणे दाखवणारा दुसरा विद्यार्थी-निबंध आम्हाला माहीत नाही. पूर्वपक्ष उभा करायचा तो पाडण्यासाठी नव्हे. पूर्वपक्ष नीट उभा केला की त्याला कुठे चीर गेली आहे ते दिसतं, आणि त्या चिरेतून आपला प्रश्न आत येतो. ग्रंथालय म्हणजे पूर्वपक्षांचं घर. तिथे कुणी आधी काय म्हणून ठेवलंय ते कळल्याशिवाय आपण नवीन बोलतोय की जुनंच पुन्हा बोलतोय, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

पण याला दुसरी बाजू आहे, आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. फळीवर काय ठेवलं गेलंय, हेही कुणीतरी ठरवलेलं असतं. जातीबद्दलची त्या वेळची बरीच पुस्तकं युरोपीय पंडितांनी आणि सरकारी अधिकाऱ्यांनी लिहिलेली होती. याच निबंधात बाबासाहेब म्हणतात की युरोपीय अभ्यासकांनी वर्णाला, म्हणजे कातडीच्या रंगाला, नको इतकं महत्त्व दिलं, कारण त्यांच्या स्वतःच्याच डोक्यात रंगाचे पूर्वग्रह होते. ज्याला शाळेत वेगळं बसवलं गेलं, तो तरुण न्यूयॉर्कच्या सेमिनारात बसून जगाने मानलेल्या ग्रंथकारांना विचारतो आहे : तुम्ही कुठे उभे राहून हे पाहिलंत? हा प्रश्न कुठल्या फळीवर नव्हता. तो स्वतःबरोबर आणावा लागतो. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. त्या निबंधात ते स्वतःचे अनुभव सांगत नाहीत. अनुभवाने प्रश्नाला धार दिली आणि वाद मात्र पुराव्याने, व्याख्येने केला. ज्या मुला-मुलींच्या घरात पहिल्यांदाच कुणी विद्यापीठात आलंय, त्यांना आम्ही हे मुद्दाम सांगतो. तुमच्याकडे जे आहे ते ग्रंथालयात नाही. आणि ग्रंथालयात जे आहे त्याच्याशिवाय तुमचं म्हणणं कुणाला नाकारता येणार नाही अशा रीतीने मांडता येत नाही. दोन्ही लागतं.

हा निबंध मे १९१७ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी' या नियतकालिकात छापून आला. त्याच वर्षी बाबासाहेब भारतात परतले. त्यांची पुस्तकं आणि सामान दुसऱ्या जहाजाने येत होतं. महायुद्ध चालू होतं, ते जहाज पाणतीराने बुडालं. जमवलेले ग्रंथ समुद्रात गेले, आणि त्या ग्रंथांतून उपजलेला प्रश्न छापील रूपात राहिला. पुढे लंडनला परत जाऊन त्यांनी अभ्यास पुरा केला, पुन्हा ग्रंथ जमवले, आणि दादरला राजगृह बांधलं ते मुख्यतः त्या ग्रंथांना घर हवं म्हणून.

आता शेवटच्या टप्प्याकडे येऊ. राखणदार ग्रंथालयाचं वाचकाचं ग्रंथालय आपल्या देशात कुणी केलं, तर शियाळी रामामृत रंगनाथन यांनी. ते मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, लंडनला जाऊन शिकून आले, आणि बंद कपाटं त्यांनी वाचकांसाठी खुली केली. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांचा आशय असा : पुस्तकं वापरण्यासाठी असतात, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळावं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा, वाचकाचा वेळ वाचावा, आणि ग्रंथालय हे वाढत राहणारं सजीव आहे. यातला तिसरा नियम आम्हाला फार मोलाचा वाटतो. वर्षानुवर्षं कुणी हात न लावलेलं पुस्तकही वाचकाची वाट बघत असतं. खुल्या फळीपुढे उभं राहिलं तरच ती गाठ पडते.

कुणी म्हणेल, सर, आता सगळं मोबाइलवर मिळतं. खरं आहे, पुष्कळ मिळतं. 'शोधगंगा'वर देशभरातले पीएच.डी.चे प्रबंध घरबसल्या वाचता येतात. हे वरदान आहे, आम्ही स्वतः ते वापरतो. पण शोधयंत्र तुम्ही जे विचारलं तेच देतं, आणि नवख्याची अडचण हीच की नेमकं काय विचारायचं ते त्याला अजून ठाऊक नसतं. म्हणून आधी कोश उघडा : केतकरांचा ज्ञानकोश, मराठी विश्वकोश. त्यातून शब्द मिळतील, नावं मिळतील. मराठीत त्या विषयावर काय छापलं गेलं ते पाहायचं असेल तर शंकर गणेश दात्यांची ग्रंथसूची बघा. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची नोंद तिच्यात आहे, आणि ती मुख्यतः एका माणसाच्या चिकाटीचं फळ आहे. मग आपल्या विषयावरच्या तीन-चार व्याख्या एका कागदावर एकाखाली एक लिहा, प्रत्येकीपुढे ग्रंथ आणि पृष्ठ. पृष्ठ लिहायला विसरू नका, नाहीतर महिन्याभराने तेच पुस्तक पुन्हा सगळं चाळावं लागतं. आणि मग विचारा : यांचं कुठे पटत नाही? दोन वेगळ्या दिसणाऱ्या गोष्टी खरं तर एकच आहेत का? परिणामाला कुणी कारण म्हटलंय का? अडलं तर ग्रंथपालांकडे जा. 'जातीवर काही आहे का' असं विचारू नका. 'या दोघांचं या मुद्द्यावर जुळत नाही, तिसरं कोण बोललंय' असं विचारा. प्रश्न असा आला की चांगला ग्रंथपाल खुर्चीतून उठतो.

बाबासाहेबांनी त्या निबंधाच्या शेवटी म्हटलं आहे की आपली मतं अखेरची आहेत असं आपण मानत नाही, आणि ती निराधार आहेत असं कुणी दाखवून दिलं तर ती सोडायला आपण तयार आहोत. ९ मे १९१६ला टेबलाभोवती बसलेल्यांना हे निमंत्रण होतं. आता तो निबंधही फळीवर आहे. म्हणजे तोही आपल्यासाठी पूर्वपक्ष आहे. पंचवीस वर्षांच्या त्या विद्यार्थ्याचा आदर करायचा तर तो निबंध फळीवरून काढायचा, वही उघडायची आणि त्याने केतकरांना विचारला तसा एक नेमका प्रश्न त्याला विचारायचा.

एवढं बोलून आम्ही थांबतो.